फाइलला चिकटलेली चिठ्ठी



आज एक छोटा तांत्रिक पाठ सांगणार आहे. तो मी स्वतःच्या चुकीतून शिकले, म्हणून आधी ती चूक.

सातवीतल्या एका मुलाने चित्रकलेचा गृहपाठ मेलवर पाठवला होता. आठवडी बाजाराचं चित्र. रंग इतके स्वच्छ आणि कागद इतका पांढरा, की मला वाटलं, हे नेटवरून उचललंय. माझा लॅपटॉप मॅक आहे. फाइल कुठून आली ते त्यावर कळतं, असं ऐकलं होतं. म्हटलं, बघूया तरी.

वहीच्या आत मजकूर असतो आणि कव्हरवर लेबल असतं ना? तसंच फाइलचं. आतल्या मजकुराशिवाय तिला नाव, आकार, तारीख असते. शिवाय काही फाइलींना आणखी चिठ्ठ्या चिकटलेल्या असतात. त्यांना ‘एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट्स’ म्हणतात. फाइल उघडली तरी त्या दिसत नाहीत. टर्मिनलमध्ये त्या बघता येतात.

तिथे ‘एल-एस’, मग जागा सोडून ‘डॅश-एल’ असं लहान इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. फाइलींची यादी येईल. ज्या ओळीत परवानग्यांच्या अक्षरांना लागून @ दिसेल, त्या फाइलला चिठ्ठी आहे. ती वाचायला ‘एक्स-ए-टी-टी-आर’, जागा, ‘डॅश-एल’, पुन्हा जागा आणि फाइलचं नाव. नाव टाइप करायचा कंटाळा आला तर फाइल उचलून टर्मिनलमध्ये सोडा, चालतं.

मला दोन चिठ्ठ्या दिसल्या. एक ‘क्वारंटाइन’, म्हणजे फाइल बाहेरून आली आहे, उघडताना जपून. दुसरी ‘व्हेअर फ्रॉम्स’, म्हणजे कुठून आली तो पत्ता. त्यात एक लांबलचक, अनोळखी पत्ता होता. झालं! मी पुढे वाचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात विचारलं, “हे कुठून घेतलंस?” तो म्हणाला, “बाई, मीच काढलंय. पप्पांनी मोबाईलवर स्कॅन केलं.” मुलं हसली. तो खाली बसला आणि तासभर वर बघेना.

संध्याकाळी राहवेना. मधल्या विचित्र अक्षरांमुळे ती चिठ्ठी नीट वाचता येत नव्हती, म्हणून ‘एम-डी-एल-एस’ आणि फाइलचं नाव टाइप केलं. आता स्वच्छ दिसलं. पत्ते दोन होते आणि दुसरा माझ्याच मेलचा होता! अटॅचमेंट मी डाउनलोड केली, तेव्हा माझ्याच ब्राउझरने ती चिठ्ठी चिकटवली होती. मेलमधून अशा चिठ्ठ्या सहसा येतच नाहीत. म्हणजे त्या मुलाकडे काय घडलं, हे मला त्यातून कळणं शक्यच नव्हतं.

मी त्याच वर्गात, सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. नंतर तो मूळ कागद घेऊन आला. मागच्या बाजूला रंग उमटलेले होते.

शाळेत उबुंटू असेल तर ‘जी-ई-टी-एफ-ए-टी-टी-आर’, जागा, ‘डॅश-डी’, जागा आणि फाइलचं नाव. आज्ञा सापडली नाही, तर ‘ए-टी-टी-आर’ नावाचं पॅकेज टाकून घ्या. फॅट ३२ पेनड्राइव्हवर मात्र चिठ्ठ्यांना जागाच नसते. उबुंटूवरून कॉपी केलं की त्या गळतात. मॅक त्या वेगळ्या फाइलीत ठेवतो. मॅकवर वापरलेल्या पेनड्राइव्हमध्ये नावाआधी टिंब आणि अंडरस्कोअर असलेल्या फाइली दिसतात ना, त्या याच.

तर, घरी एखादी फाइल घेऊन करून बघा. फक्त एक लक्षात ठेवा. फाइल या संगणकावर कुठून आली, एवढंच ती चिठ्ठी सांगते. कुणी तयार केली, हे सांगत नाही. आणि चिठ्ठी नाही म्हणजे काम मुलाचंच, असंही नाही. ते मुलालाच विचारायचं. तेही एकट्याला, जवळ बसवून.