कपाटातली वही

वकिलाच्या घरी कागदांना तोटा नसतो. परंतु त्यांतला क्वचितच एखादा त्याच्या स्वतःच्या मनचा असतो. दिवसभर अशिलाचे म्हणणे मांडावे, रात्री आपले म्हणणे वहीत उतरवावे आणि ती वही कपाटात ठेवावी, असा माझा आदिलाबादेतला कैक वर्षांचा रिवाज. वहीत उतरला म्हणजे विचार सुरक्षित झाला, अशी माझी भाबडी समजूत होती.

ती समजूत गुंजाल्याने मोडली. गुंजाला हे आमच्याच जिल्ह्यातले गोंडांचे गाव. तेथे जपून ठेवलेल्या जुन्या हस्तलिखितांकडे या शतकाच्या आरंभी अभ्यासकांचे लक्ष गेले. लिपी गोंडीची स्वतःची, अक्षरे शाबूत. पण ती वाचू शकणारे गावात मोजके वृद्धच उरले होते. कागद टिकला होता, वाचक मात्र सरत आला होता. पुढे त्या वृद्धांच्या आधाराने मुले ती अक्षरे गिरवू लागली आणि २०१८ साली युनिकोडने त्या लिपीला संगणकावर स्थान दिले.

अशा वेळी लोकहितवादी आठवल्यावाचून राहत नाहीत. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ साली, वयाच्या पंचविशीत, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहावयास आरंभ केला. नाव शतपत्रांचे, पत्रे एकशे आठ! ग्रंथ सिद्ध होईपर्यंत ते थांबले नाहीत. सुचले ते लिहिले, लिहिले ते छापले, आणि स्वजनांचा रोष पत्करला. पुढे न्यायाधीश झालेल्या या गृहस्थाने आपले विचार मात्र आधीच लोकांच्या न्यायासनापुढे उभे केले होते.

परवा मी माझी वही उघडली. एकच विचार तीन निरनिराळ्या वर्षी, जवळजवळ त्याच शब्दांत लिहिलेला आढळला. इतक्या काळात तो तसूभरही वाढला नव्हता. वाढणार कसा? त्याला कोणी ‘हे कशावरून?’ असे विचारलेच नव्हते. उलटतपासणीवाचून साक्षीला मोल नाही, हे आयुष्यभर कोर्टाला सांगणाऱ्या मला ते स्वतःच्या वहीबाबत सुचू नये!

लोक हसतील, हेच खरे भय होते. त्या भयापोटी किती विचार कपाटात वाळून गेले, याचा हिशेब आता लागणार नाही. निदान हे एक पान वाचकांच्या हाती देत आहे. उलटतपासणीस मी हजर आहे.