चालू कंडिशन

माणसानं लग्न एकदाच करावं आणि ते पुन्हा पाहायचं यंत्र मात्र दर दहा वर्षांनी बदलावं, अशी काळाची इच्छा दिसते. आमचं लग्न १९८८ सालच्या मे महिन्यात झालं. बायको तीच आहे, मीही बराचसा तोच आहे; पण ज्या व्हिडिओ कॅसेटमध्ये आम्हा दोघांना कोंडून ठेवलंय, ती उघडायची किल्लीच जगातून नाहीशी झाली. जपानच्या फुनाई कंपनीनं, म्हणजे उरलेल्या शेवटच्या कारखानदारानं, जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. आता मिळेल तो जुनाच.

हे सगळं मला कळायचं कारण म्हणजे आमच्या हिनं एक दिवस शालूच्या घडीतून ती कॅसेट बाहेर काढली. ‘हिच्यात अण्णा आहेत,’ ती म्हणाली.

अण्णा १९९६ साली गेले. भिंतीवर फोटो आहे, फोटोला हार आहे. पण फोटो बोलत नाही. अण्णांचा आवाज आठवायला गेलो, तर त्यांचं बोलणं शब्दन् शब्द आठवतं, आवाज मात्र माझाच ऐकू येतो. म्हटलं, एक जुना व्हीसीआर घ्यावा, कॉम्प्युटरला जोडावा आणि अण्णांना पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावं. तीन तासांची कॅसेट, तीन तासांचं काम!

आधी अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला सांगितलं. बिचाऱ्यानं बॅगेतल्या बाकरवडीची परतीची जागा धोक्यात घालून यंत्र आणलं. मी ते उत्साहानं प्लगला लावलं. १२० व्होल्टांवर वाढलेला जीव तो. आपले २३० त्याला सोसले नाहीत. ‘फट्’ असा आवाज झाला आणि घरभर धूर. भाचा शांतपणे म्हणाला, ‘मामा, तसाही उपयोग नव्हताच. तिकडची पद्धत एनटीएससी, ५२५ रेघांची. तुमची कॅसेट पाल, ६२५ रेघांची. धड दिसलीच नसती.’ शिकलेल्या माणसांचं हे असं असतं. त्यांना सगळं ठाऊक असतं, फक्त नंतर.

मग रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. एकानं ताडपत्रीवरच्या डब्याला वायर जोडून लाल दिवा लावून दाखवला. ‘साहेब, एकदम चालू कंडिशन!’ चालू हा शब्द मराठीत यंत्राला लागतो तसा माणसालाही लागतो. त्या दिवशी तो नक्की कुणाला लागू होता, या विचारात मी रिकाम्या हातानं परतलो.

शेवटी आमच्या पेठेतले एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक काका भेटले. त्यांनी मला मुलगी पाहायला निघालेल्या मुलाला सांगावं तसं समजावलं. ‘रंगरूपावर जाऊ नका. रिमोट नसला तरी चालेल, पण ट्रॅकिंगचं बटण हवंच. रेकॉर्डिंग नकोच असेल तर नुसता प्लेअरही पुरतो. आत रबराचे पट्टे असतात, ते इतक्या वर्षांत गुळासारखे चिकट होतात, ते बघा. हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, तो झिजलाय का बघा.’ (मिनिटाला १५०० फेरे! आम्ही सप्तपदीतच दमलो होतो.) ‘कॅसेटच्या खिडकीत पांढरी बुरशी दिसली तर ती मुळीच घालू नका, ती हेडला लागते आणि मग पुढच्या प्रत्येक कॅसेटला. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पहिल्या खेपेला लग्नाची कॅसेट घालायची नाही. बळी द्यायला दुसरी आणा.’

बळीची कॅसेट हिनं क्षणाचाही विचार न करता काढून दिली. ऑफिसच्या गणेशोत्सवात मी नाट्यसंगीत गायलो होतो, ती.

काकांनीच शोधून दिलेल्या, साडेतीन हजारांच्या यंत्रात ती घातली. पुढे गेली, मागे आली, सुखरूप बाहेरही आली. ‘गेली असती तरी चाललं असतं,’ ही म्हणाली.

मग लग्न लावलं. शालूनं बुरशीपासून राखलेली कॅसेट. चित्र छान उमटलं. हॅलोजनच्या उजेडात घामाघूम झालेले आम्ही, बदामाच्या आकारात फिरणारी आमची तोंडं आणि अण्णा! मांडवभर फिरत होते, बोलत होते, हसत होते. पण आवाज? व्हिडिओवाल्यानं हौसेनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी भरली होती. अण्णा तोंड उघडत आणि आतून सनईचे सूर नाहीतर एखादी पार्श्वगायिका बाहेर पडे. मुंडावळ्यांपासून पंगतीपर्यंत दोन तास मी नुसते त्यांचे ओठ पाहत बसलो.

पंगतीत एक गाणं संपलं. दुसरं लावायला त्या गृहस्थाला बहुधा जरा उशीर झाला. भांड्यांचा खणखणाट ऐकू आला आणि अण्णा हॅलोजनवाल्या पोराला म्हणाले, ‘अरे बाळा, ठेव ती बत्ती खाली. सकाळपासनं उभा आहेस. जेवून घे आधी.’

लगेच पुढचं गाणं सुरू झालं.

‘अगंबाई!’ ही म्हणाली, ‘हा तर अगदी तुमचाच आवाज!’

म्हणजे इतकी वर्षं मी बरोबरच ऐकत होतो तर. तेवढा तुकडा मी पाच वेळा मागे नेऊन ऐकला. सहाव्या वेळी हिनं डोळे पुसत दिवा बंद केला आणि म्हणाली, ‘पुरे आता. जेवून घ्या आधी.’

यंत्र अजून घरी आहे, चालू कंडिशनमध्ये. कुणाच्या घरी असं कुणी कॅसेटमध्ये अडकलं असेल, तर जरूर घेऊन या. बळीची कॅसेट आणायला नको. ती आमच्याकडे आहे, आणि हिची काही हरकत नाही.