महागाचा गडी

मंडळी, बाजारातून महागाचा बैल आणला आणि तो नांगराला जुंपल्यावर चिखलात बसला, असं तुमच्यापैकी कुणाच्या नशिबी आलं असेल, तर त्या घरात पुढचे आठ दिवस काय चालतं ते मी सांगायला नको. बैलाला आपली किंमत ठाऊक नसते. घरातलं शेंबडं पोर मात्र त्याच्याकडे बोट दाखवून ती बोलून दाखवतं. २०१९ च्या जुलैत आमच्या घरी असंच चाललं होतं. फरक एवढाच की बैलाच्या जागी एक माणूस होता, आणि तो आमच्या गोठ्यात नव्हे, टीव्हीवर होता.

आमचं नाते गाव महाडहून रायगडाकडे जाताना लागतं. इथं कबड्डीचं वेड काय आहे ते बाहेरच्याला पटायचं नाही. भात झोडून पेंढा रचला की पोरांचे पाय मैदानाकडे वळतात, ते मिरगाचा पाऊस पडेपर्यंत. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली आणि पावसाळ्यातही या वेडाची सोय झाली. आमचं घर सगळं मुंबईच्या संघाचं. आदल्या वर्षी त्या संघाला सिद्धार्थ देसाई नावाचा नवा गडी मिळाला होता. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातला हा पोरगा, म्हणजे आपल्यासारख्याच पावसाच्या, भाताच्या मुलखातला. उंच, दांडगा. तीन-तीन जणांना अंगावर घेऊन मध्यरेषेला हात लावायचा. लोक त्याला बाहुबली म्हणू लागले. मुंबईनं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतला होता आणि पहिल्याच हंगामात त्यानं चढाईचे दोनशे पंधरा-वीस गुण आणून दिले.

मग २०१९ च्या एप्रिलमध्ये पुन्हा लिलाव झाला. मुंबईनं त्याला मोकळा केला होता. तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाखांची बोली देऊन त्याला उचलला. त्या वर्षीचा सगळ्यांत महाग गडी. आमच्या आईनं आकडा तीनदा विचारला आणि म्हणाली, "एवढ्यात काय काय येईल रे?" मी म्हटलं, "अख्ख्या गावाची शेतं येतील." तेव्हापासून तो आमच्या घरात सिद्धार्थ राहिला नाही, 'तो दीड कोटीवाला' झाला.

२० जुलैला पहिलाच सामना हैदराबादला, तेलुगू विरुद्ध मुंबई. आम्ही आवणी उरकून, पायाचा चिखल धुऊन टीव्हीपुढे बसलो. मुंबई ३१-२५ अशी जिंकली. त्या दिवशी सिद्धार्थच्या हाताला फारसं काही लागलं नाही. आमचा संघ जिंकला याचा आनंद व्हावा की नाही? पण पुतण्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळे त्या एकट्यावर तुटून पडले. "एवढं पैसं घेतलंन आणि खेळतोय बघ कसा!" मीही बोललो. खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठा आवाज माझाच होता.

तेलुगूवाले पुढचेही सामने हरत गेले. दिल्लीविरुद्ध तर सिद्धार्थचा थोरला भाऊ सूरज पहिल्यांदाच उतरला आणि पठ्ठ्यानं एकट्यानं १८ गुण आणले. दोन्ही भाऊ मैदानात, तरी सामना एका गुणानं गेला, ३४-३३. तेव्हा मला वाटलं, इथं काहीतरी वेगळंच पाणी मुरतंय.

मला कागदावर रेघा मारून हिशेब ठेवायची सवय आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म आमच्या नात्याचा, १८९६ चा. त्यामुळे गावात कुणी जमाखर्च चुकवला की हटकून त्यांचं नाव निघतं. तर मी दोन रकाने केले, सिद्धार्थ किती मिनिटं आत आणि किती मिनिटं बाहेर.

ज्या भगिनींनी हा खेळ नीट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चढाईला गेलेल्या गड्याला समोरच्यांनी पकडलं की तो बाद, बाहेर जाऊन बसायचं. तो आपल्या पायानं परत येऊ शकत नाही. मागे राहिलेल्यांपैकी कुणी समोरचा गडी मारला किंवा धरला, तरच बाद झालेल्यांतला एक जण आत येतो. म्हणजे चढाईचा गडी कितीही महाग असो, एकदा बाहेर बसला की त्याचं पुढचं नशीब स्वस्तातल्या गड्यांच्या हातात. कोपऱ्यातल्यांनी घोटा धरला, मधल्यांनी साथ दिली, तर हा उठणार. नाहीतर बसा टॉवेल घेऊन.

आता पैशाचं बघा. त्या वर्षी एका संघाला सगळे गडी मिळून ४ कोटी ४० लाखच खर्चता येत होते, आणि गडी किमान अठरा घ्यायचे. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा एका चढाईवर गेला. दावणीला एकच खिल्लारी आणायचा आणि जोडीला मिळेल तो जुंपायचा, असा प्रकार.

हंगाम संपला तेव्हा तेलुगूचा संघ बारांत अकरावा. आणि सिद्धार्थचे चढाईचे गुण? आदल्या वर्षीइतकेच, तेच दोनशे पंधरा-वीसच्या घरात! मी भागाकार करून पाहिला. आदल्या वर्षी त्याचा एक गुण साधारण सतरा हजारांना पडला, या वर्षी सहासष्ट-सदुसष्ट हजारांना. माणूस तोच, हातपाय तेच, मेहनत तीच. आदल्या वर्षी आम्ही त्याला डोक्यावर घेतला आणि या वर्षी त्याची आय-बहीण काढली. मधल्या काळात बदलली ती बोली, आणि बोली काही त्यानं लावलेली नव्हती.

हा कागद हातात घेऊन मी बराच वेळ ओटीवर बसलो होतो. कारण मला त्यात दुसराच एक गडी दिसायला लागला होता.

२०१७ च्या एप्रिलमधली गोष्ट. आमच्या वाडीच्या मंडळानं रात्रीचे सामने ठरवले. चाकरमान्यांनी मुंबईहून वर्गणी पाठवली, गावातून घरटी वर्गणी काढली. खजिनदार मी. प्रो कबड्डी बघून बघून सगळ्यांच्या डोक्यात एकच, की बाहेरून एक नामी चढाईवाला आणायचा. आमचा पुतण्या महाडच्या एमआयडीसीत पाळीला जातो. तोवर गावाची चढाई त्याच्याकडेच होती. त्याला सांगितलं, तू या खेपेला बाहेर बस. तो काही बोलला नाही, पण त्या दोन रात्री जेवला नाही, हे मला वहिनीनं नंतर सांगितलं.

बाहेरचा मुलगा आला. विशी-बाविशीचा असेल. दोन रात्रींचे बारा हजार ठरले. गावाच्या मानानं ही रक्कम लहान नव्हे. त्यात कुणाची आठवड्याची मजुरी होती, कुणाच्या कोंबड्या विकलेल्या होत्या. पहिल्या रात्री तो बरा खेळला. दुसऱ्या रात्री उपांत्य सामन्यात पहिल्याच चढाईत पकडला गेला. मग आमच्या पोरांना एक पकड होईना. तो आपला रेषेबाहेर मांडी घालून बसलेला आणि भोवती पाचशे माणसं. कधीतरी आत आला, तो घाईघाईनं गेला आणि पुन्हा धरला. आमच्यावर दोन लोण चढले. मागून कुणीतरी ओरडलं, "बारा हजार खाल्लंन!" आणि मग सगळं मैदानच ते ओरडू लागलं. पैशाची पेटी मांडीवर घेऊन मीही.

सामना संपल्यावर कार्यकर्ते म्हणाले, पुरे पैसे द्यायचे नाहीत. मी पाकिटातून पाच हजार काढून घेतले आणि सात त्याच्या हातावर ठेवले. त्यानं मोजले नाहीत. एवढंच म्हणाला, "काका, मागून एक पकड झाली असती ना, तर मी आत आलो असतो." मला ते कारण वाटलं. हरणारा कारणं सांगतोच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. दोन वर्षांनी रेघा मारल्यावर ते वाक्य परत ऐकू आलं. चाळीस मिनिटांच्या त्या खेळात तो पोरगा अर्ध्याहून जास्त वेळ बाहेर बसून होता, आणि त्याला बाहेर ठेवणारे आमचेच गडी होते. त्यांना एक शब्द कुणी बोललं नाही. ते फुकट खेळत होते ना!

महागाचा गडी वायाच जातो असं माझं म्हणणं नाही. पुण्याच्या संघानं २०२३ च्या लिलावात इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतला आणि १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून ते अजिंक्य झाले. त्या हरियाणाच्या संघात आमचा सिद्धार्थ होता, एक कोटीचा. उलट २०२२ साली तमिळवाल्यांनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख मोजले, तर पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि तो हंगामभर खेळला नाही. संघ मात्र पहिल्यांदा उपांत्य फेरीला पोचला. सिद्धार्थचंही २०२१ च्या हंगामात तसंच झालं. सुरुवातीच्या काही सामन्यांनंतर दुखापत, आणि तेलुगूनं बावीस सामन्यांत एकच जिंकला. तेव्हा आमच्या घरात कुणी ओरडलं नाही. जुलैच्या पुरानं महाड बुडालेलं, तळीयेवर दरड आलेली, माणसं गेलेली. कुणाच्या तोंडात तेव्हा कुणासाठी शिव्या उरल्या नव्हत्या.

पुतण्या पुढच्याच वर्षी परत खेळायला लागला. आता तो पोरांना पकडी शिकवतो, चढाई नाही. मी विचारलं तर हसला आणि म्हणाला, "काका, ओरडा खायचं काम दुसऱ्याला द्या."

ते पाच हजार मंडळाच्या वहीत 'शिल्लक' म्हणून जमा आहेत, माझ्याच अक्षरात. गेल्या होळीच्या बैठकीत मी विषय काढला, की हे त्या मुलाचे आहेत, पाठवून देऊ. थोडी कुरकुर झाली. एक जण म्हणाला, इतक्या वर्षांनी कशाला उकरता? शेवटी बहुतेकांनी मान डोलावली. त्याचा जुना फोन लागत नाही. पोलादपूरकडचा एक पंच म्हणाला, तो बहुतेक ठाण्याला गाडीवर आहे, मे महिन्यात गावी आला की निरोप देतो. पाकीट मी कपाटात ठेवलंय. या वेळी ते मोजून घे असं त्याला सांगणार आहे.