गतिरोधकाचे माप

रविवारची मिस्सा आटोपली, की आमच्या धर्मग्रामातील माता मला गाठतात: ‘‘फादर, गल्लीत गतिरोधक हवा.’’ मुलांच्या जिवाची त्यांची काळजी रास्त आहे. परंतु रातोरात खडी-डांबर ओतून केलेला उंचवटा भलत्याच जिवावर बेततो. गेल्या पावसाळ्यात एक आजी नातवाच्या स्कूटरवरून तशाच उंचवट्यावर उसळून पडल्या; आता कम्युनियन त्यांच्या घरी न्यावे लागते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी तब्बल ३.७ मीटर सांगितली आहे. (आमच्या गल्लीतला जेमतेम दोन विती भरला!) अशा रुंद चढावरून ताशी २५ किलोमीटरने येणारा सुखाने जातो, हिसका बसतो तो भरधाव येणाऱ्याला. वर पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक हवाच. अंधारात न दिसणारा गतिरोधक खड्ड्याहून वाईट.

पुणे महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागविते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. त्यात नुसते ‘गतिरोधक’ लिहून भागत नाही. जागा, माप, पट्टे, वळणावरचा दिवा, सारे नोंदवावे. यंदाचा अर्ज मातांनीच भरला. मोजपट्टी चर्चच्या कार्यालयात ठेवली आहे. काम सुरू होताच कोणीही न्यावी.