पंधरा हजारांची जावा

आमच्या बोळाच्या टोकाला पत्र्याची एक पडवी आहे. नोकरीनिमित्त मी म्हैसुरात राहावयास आलो त्याला आता सहा वर्षे होतील. या सहा वर्षांत त्या पडवीवरून मी रोज दोन वेळा गेलो असेन. पण आत काय आहे हे पाहण्याचे मला कधी सुचले नव्हते. गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने तिचा एक पत्रा उडाला आणि तो पुन्हा बसविताना शेजारच्या अज्जींना हात द्यावा म्हणून मी आत शिरलो. कोपऱ्यात, गोणपाटाखाली, सरपणाच्या ढिगाला टेकून एक मोटारसायकल उभी होती. गोणपाट सरकविले. टाकीची चकाकी गेली होती, गुडघे टेकण्याची रबरे चिरली होती, दोन्ही चाके जमिनीला बसली होती. पण त्या टाकीचा गोलसर, भरदार आकार मी जगाच्या पाठीवर कोठेही ओळखला असता. ती जावा होती.

अज्जी म्हणाल्या, "आमच्या यजमानांची. ते जाऊन बारा वर्षे झाली. भंगारवाला आठ हजार देतो म्हणतो. तुला हवी असेल तर पंधरा दे आणि घेऊन जा, मगा. जागा तरी मोकळी होईल."

वाचकहो, त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे मी आपणांपाशी प्रांजळपणे कबूल करतो.

आपणांपैकी तरुण मंडळींना कदाचित वाटेल की, एका गंजलेल्या गाडीसाठी एवढे व्याकूळ होण्याचे कारण काय? त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. जावा हे नाव मूळचे चेकोस्लोव्हाकियातले. १९२९ साली यानेचेक नावाच्या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' हे नाव सिद्ध झाले. पुढे म्हैसूरच्या यादवगिरी भागात या गाड्यांचा कारखाना उभा राहिला आणि १९६१ पासून तेथे तयार झालेल्या जावा देशभर धावू लागल्या. सत्तरीच्या दशकात त्याच गाडीचे नाव येझदी झाले. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. पुढे २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा दिसू लागले; परंतु त्या गाड्या वेगळ्या. ज्या गाडीने माझी झोप उडविली ती १९६९ सालची, अडीचशे सी.सी.ची, दोन धुराड्यांची आणि पेट्रोलात तेल मिसळून पिणारी. तिच्या डाव्या बाजूला एकच दांडी असते. ती आत दाबून वर फिरविली की गाडी सुरू करावयाची किक होते आणि पुन्हा खाली आणली की तीच गिअर बदलते. लहानपणी मला हा प्रकार जादूसारखा वाटे.

कारण आमच्या वडिलांकडे अशीच एक जावा होती. मिरजेच्या आमच्या घरापुढे संध्याकाळी साडेसहाला तिचा तो ठरावीक, टपटपणारा आवाज आला की आम्ही भावंडे अभ्यासाच्या पुस्तकांवर वाकत असू. २००७ साली, मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला गेलो त्याच महिन्यात, ती गाडी विकली गेली. कोणी काही बोलले नाही. पण माझ्या वसतिगृहाचे पैसे कोठून आले हे कळण्याइतका मी मोठा होतो. तेव्हापासून ते एक ऋण माझ्या मनात राहून गेले होते. अज्जींच्या पडवीत मला जे दिसले, ते पंधरा हजारांत फेडता येण्याजोगे ते ऋण होते.

सकाळी चहाच्या वेळी मी ही गोष्ट पत्नीच्या कानांवर घातली. आमच्या पोस्टातील आवर्ती ठेवीची मुदत त्या महिन्यात पुरी होत होती आणि ती रक्कम तिच्या बी. एड.च्या प्रवेशासाठी राखून ठेवलेली होती. मुलगी लहान म्हणून तिने दोन वर्षे तो विचार पुढे ढकलला होता. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, घ्या असे मी म्हणत नाही आणि घेऊ नका असेही म्हणत नाही. पंधरा हजार हा आकडा गाडीचा झाला. ती रस्त्यावर येईपर्यंतचा आकडा कागदावर मांडा, मग आपण बोलू."

हिशेब मांडावयाचा तर जाणकार हवा. आमच्या भागात एक वृद्ध मिस्त्री आहेत. तरुणपणी ते त्याच यादवगिरीच्या कारखान्यात इंजिने जुळवीत असत. रविवारी मी त्यांना पडवीत घेऊन गेलो. माझी समजूत अशी की, ते प्रथम इंजिन पाहतील. त्यांनी प्रथम कागद मागितले! अज्जींनी ट्रंकेतून नोंदणीचे पुस्तक काढून दिले. मिस्त्रींनी हँडलखालच्या नळीवरची धूळ पुसून सांगाड्यावरचा क्रमांक वाचला, मग इंजिनावरचा वाचला, दोन्ही पुस्तकाशी ताडून पाहिले आणि मगच चष्मा पुसला. "क्रमांक जुळत नसतील तर ही गाडी नव्हे, नुसते लोखंड," ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी ती दांडी हाताने हलकेच दाबून पाहिली. इंजिन धरलेले नव्हते. दट्ट्या वरखाली होत होता. "हे दैव," ते म्हणाले, "पण आतली तेलसीले वाळून कडक झालेली असणार. असल्या इंजिनात खालची पेटी हवाबंद हवी. सील गेले की एका बाजूने हवा आत शिरते, दुसऱ्या बाजूने गिअरचे तेल ओढले जाते आणि गाडी धूर ओकू लागते." त्यांनी काय मोडले आहे यापेक्षा काय नाही हे अधिक लक्षपूर्वक पाहिले. साखळीवरचे झाकण होते, अवजारांची पेटी होती, दोन्ही धुराडी गंजलेली पण मूळचीच होती. कार्ब्युरेटर मात्र कोणीतरी काढून नेला होता आणि पुढच्या दिव्याची काच नव्हती. त्या वेळी ते जे बोलले ते मी वहीत लिहून ठेवले आहे: "मोडलेली वस्तू दुरुस्त होते. हरवलेली वस्तू शोधावी लागते, आणि शोधण्याचा खर्च कोणी आधी सांगू शकत नाही."

घरी येऊन मी कागदावर आकडे मांडले. इंजिनाचे सिलिंडर कातून नवा दट्ट्या, बेअरिंगे व सीले यांस १८,०००; सहा व्होल्टची वीजजोडणी, कॉइल व बॅटरी यांस ७,०००; टायर-ट्यूब ६,०००; टाकी, धुराडी व चाकांच्या कडा यांवर पुन्हा मुलामा चढविण्यास १६,०००; रंगास १२,०००; बैठक, तारा, रबरे आणि हरवलेले भाग यांस ८,०००. एकूण ६७,०००. मिस्त्री म्हणाले, "यात तिसरा हिस्सा मिळवा, म्हणजे खरा आकडा येईल." तो नव्वद हजारांच्या घरात गेला. गाडीची किंमत वेगळीच. स्वस्त वस्तूची मौज अशी असते की, तिची किंमत विकणारा सांगतो आणि तिचा खर्च ती स्वतः सावकाश सांगते.

कागदांचे प्रकरण वेगळेच होते. खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते. या गाडीचे नूतनीकरण कित्येक वर्षे झालेले नव्हते. शिवाय मूळ मालक हयात नाहीत. म्हणजे प्रथम ती वारसाच्या नावावर झाली पाहिजे, मगच कायदेशीर विक्री होणार. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी निराळ्या नोंदणीची सोय केली आहे. त्या नियमांत नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि फेरनोंदणीचे पाच हजार रुपये ठेवले गेले. मात्र अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ती प्रदर्शनासाठी, जुन्या गाड्यांच्या फेरीसाठी किंवा इंधन आणि देखभालीपुरतीच बाहेर काढावयाची. कार्यालयात ज्या गाडीवर बसून जाण्याची मी स्वप्ने पाहत होतो, तिच्यासाठी ही वाट उपयोगाची नव्हती.

इतके होऊनही माझे मन हटले नाही. पंधरा हजार आता द्यावे, बाकी दरवर्षी थोडे थोडे करावे, असा एक मार्ग मनाने काढलाच. पण निघताना मिस्त्रींनी मला बोळाच्या तोंडाशी थांबवून हळू आवाजात आणखी एक वाक्य सांगितले होते. "कागद साफ झाले तर आहे या स्थितीतही हिला पन्नास हजार देणारे लोक आहेत. म्हातारीला ते ठाऊक नाही."

वाचकहो, खरी अडचण येथून सुरू झाली. तोपर्यंत प्रश्न केवळ माझ्या पैशांचा होता. आता तो अज्जींच्या अज्ञानाचा झाला. किंमत त्यांनीच सांगितली होती, मी घासाघीस केली नव्हती, भंगारवाल्याच्या जवळजवळ दुप्पट मी देणार होतो. अशी सारी वकिली मी स्वतःपुढे करून पाहिली. दोन दिवस ती मला पटतही होती.

तिसऱ्या दिवशी मी वडिलांना फोन केला. काही ठरविण्यापूर्वी त्यांचा आनंद ऐकावा, असा माझा लोभ होता. "बाबा, तुमच्यासारखीच जावा मिळते आहे," मी म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता झाली आणि मग ते मोठ्याने हसले. "अरे, ती गाडी गेली त्या दिवशी मी सुटलो रे! पावसात प्लग पुसून पुसून माझी बोटे सोलत. दोनदा तर ऐन चढावर बंद पडली आणि तुझ्या आईने मागून ढकलली. तुझे पैसे भरावयाचे निमित्त झाले म्हणून विकता तरी आली. तू कशाला तो व्याप घेतोस?"

मी फोन ठेवला. सतरा-अठरा वर्षे ज्या त्यागाचे ओझे मी मनात वागविले, तो त्याग करणाऱ्याला त्याचे ओझे मुळी नव्हतेच. कदाचित मला हलके वाटावे म्हणूनही ते तसे बोलले असतील; बापाचे बोलणे मुलाला पुरते उलगडत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. ऋणफेड म्हणून मी ज्याला गोंजारीत होतो ती माझी स्वतःची हौस होती. हौस वाईट नव्हे. पण तिच्यासाठी पत्नीचे एक वर्ष आणि एका वृद्धेचे पस्तीस हजार खर्ची घालण्याचा मला अधिकार नव्हता.

त्या संध्याकाळी मी अज्जींना मिस्त्रींचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "गप्प बसला असतास तर ती तुझी झाली असती." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी म्हणालो, "अज्जी, कागद घेऊन या. अर्ज मी लिहून देतो."

माझे आयुष्य एका भाषेतला मजकूर दुसऱ्या भाषेत नेण्यात चालले आहे. पण परिवहन कार्यालयाचा अर्ज सामान्य माणसाच्या भाषेत समजावून सांगणे हे त्याहून कठीण भाषांतर आहे. मालकाच्या मृत्यूनंतर वाहन वारसाच्या नावावर करण्यासाठी ३१ क्रमांकाचा नमुना भरावा लागतो. तो मालक गेल्यावर तीन महिन्यांच्या आत द्यावयाचा असतो. येथे बारा वर्षे लोटली होती. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, उशिराचा दंड, तपासणी, असे करीत अज्जींबरोबर मी चार खेपा घातल्या. वाचकहो, आपल्या घरात कोणाचे निधन झाले असेल आणि त्यांच्या नावावरचे वाहन अंगणात उभे असेल, तर दुःखाचा पहिला भर ओसरताच एवढे एक काम करून टाका. पुढे फार सोपे जाते.

पाच महिन्यांनी गाडी बावन्न हजारांना गेली. घेणारा तरुण बंगळूरचा होता. ती नेण्यासाठी तो टेंपो घेऊन आला, त्या सकाळी मिस्त्रींनी आपल्याजवळचा एक जुना कार्ब्युरेटर तात्पुरता बसविला, प्लग घासून लावला आणि मला म्हणाले, "मारा." मी ती दांडी आत दाबून वर फिरविली आणि किक मारली. आठव्या वेळी ती बोलली. सारा बोळ निळ्या धुराने भरून गेला. माझ्या मुलीने कान झाकून घेतले. अज्जी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाशी धरून तो आवाज संपेपर्यंत तशाच उभ्या होत्या. अर्ध्या मिनिटाने इंजिन आपोआप थांबले. माझ्या वाट्याला आलेली जावा ती एवढीच.

पडवीवर आता नवे पत्रे आहेत आणि अज्जींच्या दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला आहे. आमची पत्नी सकाळी सातच्या बसने अध्यापक महाविद्यालयात जाते आणि मुलीची वेणी घालण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कधी कधी त्या पडवीवरून जाताना पाय अडखळतो, हे खोटे कशाला सांगू? पण रात्री झोप मात्र चांगली लागते.