राजीनामा

बदलीवर रायपूरला आलो आणि ब्राह्मणपाऱ्यात बिऱ्हाड थाटले. तिसऱ्या वर्षी घरमालकांशी भाड्यावरून बिनसले व प्रकरण न्यायालयात गेले. एके दुपारी वकिलांचा मुन्शी दारात येऊन आईला सांगून गेला, “माताजी, साहब का राजीनामा हो जाए तो अच्छा.”

संध्याकाळी कचेरीतून परततो, तो देव पाण्यात आणि आईच्या डोळ्यांना पदर. “सरकारी नोकरी सोडायला लावतात रे!”

इकडच्या न्यायालयांत आपत्ती म्हणजे हरकत आणि राजीनामा म्हणजे तडजोडीचा लेख. मूळ फारसी शब्दाचा अर्थ संमतिपत्र एवढाच. त्या संमतीने आपण नोकरी सोडतो, हिंदी पक्षकार भांडण सोडतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे अशी तडजोड लेखी आणि उभय पक्षांच्या सहीची लागते. ती सही करण्यासच माझा अहंकार अडून बसला होता.

गैरसमज फिटला, तरी “दावा मिटेपर्यंत राहू देत” म्हणून आईने देव पाण्यातच ठेवले. ही हकीकत कळताच घरमालक पोट धरून हसले; मलाही हसू आवरेना. एकत्र हसल्यावर भांडणे कठीणच! पुढल्या पेशीस दोघांनी सह्या केल्या.

घरी येताच आईने विचारले, “दिलास का राजीनामा?”

“दिला,” मी म्हणालो, “हट्टाचा.”

तिने देव पुसून देव्हाऱ्यात ठेवले.