श्वास, शनी आणि मंडई

चंद्रपूरच्या बसस्थानकाबाहेर उसाच्या रसाच्या गाडीमागे एक भिंत आहे. तिच्यावर कागद चिकटवलेला होता : ‘दीर्घ श्वसन व कुंडली मार्गदर्शन. मनात साचलेलं मोकळं करा.’ खाली मोबाइल नंबर होता, पण त्याचे शेवटचे आकडे कुणाच्या तरी खर्ऱ्याच्या पिचकारीखाली गेले होते. मे महिन्यातली दुपार. मला हसू आलं ते ‘दीर्घ’ला. चंद्रपुरात दीर्घ श्वास घ्या म्हणणारा माणूस बाहेरगावचाच असणार.

इथल्या बायका गच्चीवरचे कपडे काढताना आधी झटकतात, मग घडी घालतात. दुर्गापूरकडून वारा असला तर दोनदा झटकतात. तिथलं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. वीज तारांवरून मुंबई-पुण्याकडे जाते, राख इथेच उतरते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तिच्यात चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन चौथं आलं. शाळेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि ताडपत्री धड न बांधलेले ट्रक, या सगळ्यातून इथला माणूस श्वास घेतो तो बेताबेतानंच.

ग्रहांचं म्हणाल, तर त्यासाठी मार्गदर्शन कशाला? साधारण २५ मेला सूर्य रोहिणीत शिरतो आणि नवतपा लागतो. नऊ दिवस. इथे हे ज्योतिष म्हणून कुणी सांगत नाही, हवामान म्हणून सांगतात. पारा ४७-४८ पर्यंत जातो, बारा ते पाच रस्ते ओस पडतात, माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून खिशात कांदा ठेवतात. मग मृग. पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला की चहाच्या टपरीवरचे चेहरे उजळतात. कोल्हा निघाला की सगळे जमिनीकडे बघतात. पण कोल्हा निघाला म्हणून पऱ्हे टाकायचं कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही. रोवणी व्हायची तेव्हा होतेच. फक्त काळजी बोलून दाखवायला कोल्हा उपयोगी पडतो. ‘मला भीती वाटते’ असं धानाचा शेतकरी म्हणणार नाही. ‘यंदा कोल्हा आहे जी’ म्हणेल.

माझी मोठीआई, म्हणजे थोरली काकू, ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यातली. तिचा थोरला मुलगा बांधीच्या वाटणीवरून भांडला, बल्लारपूरकडे गेला आणि तिकडचाच झाला. मोठीआई रडली नाही. घर मोठं होतं, रडायला कोपरे पुष्कळ होते. पण प्रत्येक कोपऱ्यात ‘काय झालं?’ विचारणारं कुणी तरी होतं. काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरीही विचारत होते. मग ती ब्रह्मपुरीला एका निवृत्त मास्तरांकडे जाऊ लागली. मास्तर पत्रिका बघायचे, दक्षिणा द्याल ती घ्यायचे. एकदा मी सोबत होतो.

‘जन्मवेळ?’ मास्तरांनी विचारलं.

‘गाई घराकडे येऊन राहिल्या होत्या जी.’

‘महिना?’

‘धान कापणं झालं होतं, बांधणं व्हायचं होतं.’

मास्तरांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि कागदावर लिहिलं : कार्तिक, सायंकाळी पाच वाजून पन्नास मिनिटं. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते. त्या दिवशी गाई वाटेत चरत रेंगाळल्या असत्या तर माझ्या चुलतभावाचं मेष लग्न जाऊन वृषभ झालं असतं, आणि त्याबरोबर त्याचा स्वभाव, बायको आणि पैसाअडका सगळंच बदललं असतं. गुराख्याच्या हातात केवढी सत्ता!

मास्तर म्हणाले, शनी आहे. अडीच वर्षं उरलीत.

शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत ती वाटली की एकेका राशीला जवळपास अडीच येतात. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची मिळून साडेसात. इथवर सगळी दूरच्या ग्रहाची खरीखुरी चाल आहे, तिच्यात खोटं काही नाही. खोटं असलंच तर ‘म्हणून दुःख येतं’ या त्यानंतरच्या वाक्यात. पण मोठीआईला त्या वाक्याशी कर्तव्यच नव्हतं. तिला ‘अडीच’ मिळालं होतं. तोवर तिच्या दुःखाला मुदत नव्हती. आता बचत गटाच्या कर्जासारखे त्याला हप्ते पडले. शनिवारी मारुतीला तेल घातलं की एक हप्ता फिटला.

मास्तर ग्रहांवर पाचेक मिनिटं बोलले असतील. उरलेला तासभर ती बोलत होती. मुलगा लहानपणी तापानं फणफणला ती रात्र, त्याला आवडायची ती मोहाच्या फुलांची भाकर, सुनेनं एकदा फोनवर न बोलताच कसा ठेवून दिला. मास्तर मान हलवत होते, मधेच पंचांगाचं पान उलटत होते. त्या पानाकडे त्यांचं लक्ष नव्हतं, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत असावं. परतताना बसमध्ये मी विचारलं, मास्तर काय म्हणाले शेवटी? ‘काय म्हणतील गा. ऐकलं त्यांनी.’

अडीच वर्षांनी मुलगा आला का? नाही आला. मास्तरांवर तिचा राग नव्हता.

२००८ साली जयंत नारळीकरांनी पुण्यात ज्योतिषाची एक चाचणी घेतली. सोबत नरेंद्र दाभोलकर होते. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र केल्या. ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका बघून कोणती कुणाची ते ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर याहून थोडं बरं जमलं असतं. नारळीकरांच्या बाजूनं मी पहिल्यापासून आहे आणि हा निकाल मला पाठ आहे. मोठीआईला मात्र मी तो कधी सांगितला नाही. त्या चाचणीत ऐकण्याला गुण नव्हते.

तसं आकाश तिला मास्तरांपेक्षा जास्त यायचं. उन्हाळ्यात अंगणात निजल्यावर ती बोट वर करून सप्तर्षी दाखवायची : चार तारे म्हणजे म्हातारीची बाज, मागचे तीन म्हणजे चोर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून तिथलं आकाश नोंदवलं, त्यातही हीच बाज आहे आणि हेच चोर. २०१३ चं ते काम वाचताना मला मोठीआईचं बोट दिसत होतं. या आकाशाची मला मौज वाटते ती अशी, की ते कुणाच्याही मागे लागत नाही. तिथे म्हातारी आहे, चोर आहेत, रात्रभर त्यांचीच आपसांत पळापळ. खालच्या माणसाच्या लग्नाशी, नोकरीशी त्यांना काही देणंघेणं नाही. भाग्य नसलेलं आकाश. बघत बघत झोप लागते.

चंद्रपूरहून गडचिरोलीकडे निघालं की मूल, सावलीनंतर वैनगंगा ओलांडावी लागते. पलीकडे हवा स्वच्छ. १९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता. पण त्या स्वच्छ हवेतही श्वास अडायचे, लहान मुलांचे. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली तेव्हा न्यूमोनियानं मुलं पटापट दगावत होती. निदान सोपं होतं : मिनिटाचे श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा वर, त्याहून मोठ्या मुलाचे पन्नास किंवा वर गेले की औषध सुरू. अडचण एकच, गावातल्या दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एक साधन तयार केलं. एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. ५८ गावांत हे काम झालं, दुसऱ्या काही गावांत झालं नाही. तुलना केली तेव्हा न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू पहिल्या गावांत ५४ टक्क्यांनी कमी निघाले. १९९० मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

श्वासाविषयी मी पुष्कळ गोड गोड वाचलं आहे. त्यातलं निम्मं त्या लाल मण्यासमोर मला टिकताना दिसत नाही.

पुढे १९९५ मध्ये डॉ. बंगांना हृदयविकाराचा झटका आला. इतरांचे श्वास मोजणारा माणूस स्वतःच्या श्वासाशी येऊन बसला : आहार, योगासनं, प्राणायाम, ध्यान. त्यातून ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक झालं. ते वाचून मराठी घरांत किती माणसं सतरंजी पसरून शवासनात पडली असतील! आमच्याकडे दोन पडली. एक घोरू लागली.

साठाच्या दुसऱ्या टोकाला सहा आहेत. २००१ मध्ये काही इटालियन संशोधकांनी २३ माणसांना एकदा लॅटिनमधली जपमाळ म्हणायला लावली आणि एकदा ‘ओम मणि पद्मे’ हा मंत्र. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या घरात आला आणि हृदयाची लय सुधारली. यात गूढ काही नाही. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना उतरते. सोडणं लांबवलं की तिला उतरायला सवड मिळते. लांब ओळ म्हणा, श्वास आपोआप लांब सुटतो.

आणि लांब ओळीची या भागात कमतरता नाही. तुकडोजी महाराजांनी तरुणपणी चिमूर तालुक्यातल्या रामदिघी, गोंदेड्याच्या जंगलांत साधना केली. ते जंगलातून काय घेऊन आले असं विचारलं तर मी खंजिरी म्हणेन. गुरुदेव सेवा मंडळाच्या संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला कधी बसून बघा. पुढचा ओळ टाकतो, मागचे उचलतात. आपण म्हणताना श्वास सोडायचा, दुसरा म्हणताना पोटभर घ्यायचा. शिबिर नाही, शुल्क नाही, डोळे मिटून कुणी ‘आता विचार सोडा’ म्हणत नाही. ग्रामगीतेत ‘प्रारब्धवाद’ नावाचा अध्याय आहे, ‘प्रयत्न-प्रभाव’ नावाचाही आहे आणि ‘भजन-प्रभाव’ वेगळा. माझं मत विचाराल तर पहिल्या दोघांचं भांडण तिसऱ्यात मिटतं.

मोठीआई मात्र भजनात रडली नाही. ती रडली मंडईत.

दिवाळीनंतर इकडे, म्हणजे झाडीपट्टीत, गावोगाव मंडया भरतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. न्यायालयाच्या निकालानं २०१४ मध्ये पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. त्या बंदीपायी नाटकं काही थांबली नाहीत. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालयं रस्त्याच्या कडेनं ओळीनं उघडतात. गावची मंडळं येतात, नटांची नावं बघतात, तारीख ठरवतात. कापणी झालेल्या बांधीत मांडव पडतो. रात्री दहाच्या सुमारास सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. ऑर्गन आणि तबला समोर, गाणी जिवंत, प्रॉम्प्टर दडलेला पण ऐकू येणारा. याच रंगभूमीवर आयुष्य घालवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळांना असं काही आहे हे पहिल्यांदा कळलं.

आम्ही गेलो त्या नाटकात मुलगा आईला घराबाहेर काढतो. झाडीपट्टीच्या निम्म्या नाटकांत काढतो. नायिकेनं माइकखाली उभं राहून एक लांबच लांब वाक्य टाकलं, एका दमात, शेवटी आवाज फुटेपर्यंत, आणि बायकांच्या बाजूनं एकदम हुंदके आले. मोठीआई पदर तोंडात धरून रडत होती. शेजारची अनोळखी बाई रडत होती, तिच्या पलीकडचीही. काय झालं असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. काय झालं ते तर रंगमंचावर चाललं होतं. मग विनोदी पात्र आलं आणि त्याच बायका त्याच ओल्या तोंडांनी खदखदून हसल्या. मध्यंतरात मोठीआईनं आलूबोंडे घेतले, शेकोटीशी उभं राहून खाल्ले आणि नाटकाचा निकाल दिला : ‘बाई बरी आहे गा. पण मागच्या सालची बेस रडवत होती.’ दुसऱ्या अंकाला ती पुढे जाऊन बसली आणि पुन्हा रडली. पहाटे बैलगाडीत गाढ झोपली.

श्वासाला माझा विरोध नाही. शनीला आहे, पण मास्तरांना नाही. तरी श्वास, शनी आणि मंडई या तिन्हींत मला निवडायला सांगितलं तर मी मंडई निवडेन. तिथे दुःख सांगावं लागत नाही, मोजावं लागत नाही, आणि ते बरं झालं का असं सकाळी कुणी विचारत नाही.

तेव्हा दिवाळीनंतर, होळीच्या आत, एकदा या. गोंदियाहून बल्लारशाला जाणारी गाडी वडशाला थांबते. खुर्चीचं तिकीट काढू नका, खाली बसायचं काढा. ब्लँकेट आणा; वैनगंगेकाठी डिसेंबरात पहाटे कडाक्याची थंडी असते.